मानाची बास्केट

"काका, खोडा! आत्ताच्या आत्ता खोडा ते नाव, नाहीतर हे टेबल उचलून विहिरीत टाकतो!"

ओरडत होता आमचा कप्तान. त्याचा आवाज एरवीसुद्धा असा, की त्याने मैदानावर "पास दे" म्हटलं की तिकडे सराफ्यात सोनार हातातला तराजू खाली ठेवून इकडेतिकडे बघायचे. त्या दिवशी तर निंबावरचे पोपट जे उडाले ते देवासला जाऊन बसले. टेबलामागे आमचे कारकूनकाका होते. जुन्या दरबारात त्यांनी आयुष्यभर लिखापढी केली होती आणि आता आमच्या मॅचचे गुण ते लिहीत. दोन्ही तळवे त्यांनी कागदावर असे पालथे घातले होते, जणू कागद नाही, पिंजऱ्यातून सुटू पाहणारं पाखरू आहे.

"कुणाचं नाव खोडू?" काका म्हणाले. "ज्यांच्या जमिनीवर उभा राहून कोकलतोयस, त्यांचं?"

"ते वर गेले, काका! वर बास्केट लागत नाही!"

"पण रिवाज अजून खालीच आहे ना?"

दोघांच्या मधे गळ्यात शिट्टी अडकवलेला फ्रेंच साहेब उभा होता आणि यातलं काय कळतंय काय नाही अशा चेहऱ्याने एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता. आणि सगळ्यांच्या मागे, सगळ्यांच्या डोक्यांवरून दिसत, आमचा सेंटर उभा होता. हातात नारळ. हे सगळं भांडण त्याच्यासाठी चाललं होतं आणि तो नारळाची शेंडी पिळत होता.

आता हा तमाशा समजायचा तर आधी मैदान समजलं पाहिजे.

ते मैदान म्हणजे एका सरदारांची पागा. घोडे विकले गेले, तबेल्यांची छपरं बसली, तेव्हा सरदारसाहेबांनी मधली मोकळी जागा आम्हा पोरांना बास्केटबॉल खेळायला दिली. दिली ती रीतसर, पूजा वगैरे करून. पहिला चेंडू सरकारांनी स्वतः टाकायचा, असं ठरलं. सरकारांनी टाकला. एक पखालवाल्याला लागला. एक भटजींच्या ताम्हनात पडला. तिसऱ्याने म्हणे तबेल्याच्या भिंतीवरचा कावळा मेला. दुपारची जेवणं खोळंबली, पण चेंडू काही रिंगमध्ये जाईना. शेवटी घोड्यांची निगा राखणाऱ्या एका धिप्पाड मोतद्दाराने पुढे होऊन चेंडू हळूच आत सोडला, तुताऱ्या वाजल्या, आणि कारकूनकाकांनी कागदावर लिहिलं: पहिली बास्केट, श्रीमंत सरकार.

तेव्हापासून ही चाल पडली. मॅच कुणाचीही असो, त्या मैदानावरची पहिली बास्केट कुणीही करो, ती सरकारांच्या नावावर. तिला आम्ही मानाची बास्केट म्हणत असू. टीमच्या बेरजेत ती धरली जायची, पण करणाऱ्याच्या नावासमोर नाही. करणाऱ्याला तिथल्या तिथे खेळ थांबवून नारळ मिळायचा. त्या नारळासाठी पोरं एकमेकांच्या नरड्यावर पाय देत. तो नारळ घेऊन घरी गेलं की बाप आठवडाभर मारत नसे.

पुढे राज्य गेलं. आम्ही मध्यभारतात आलो. राजधानी उन्हाळ्यात इंदूरला यायची, थंडीत ग्वाल्हेरला जायची, आणि तिच्या फायलींच्या पेट्या वाहणारे हमालच काय ते राज्य चालवतात असं आमच्या घरी म्हणत. विलीनीकरण झालं त्याच साली सरकार वारले. पण मानाची बास्केट राहिली. मेल्यानंतरही सरकार दर मॅचला दोन गुण करत राहिले.

सेंटरबद्दल सांगायचं तर तो इतका उंच होता की राजवाड्यावरची कबुतरं त्याला वळसा घालून जात. बरं, थोडा कमी धरा. पण आमच्यात तोच एक असा, जो टाचा न उचलता जाळीला हात लावायचा. घरात तो आणि त्याचा बाप, दोघंच. बाप, त्याला सगळे अण्णा म्हणत, संस्थानच्या फौजेत घोडेस्वार होता. फौज मोडली, त्याच पावसाळ्यात बापाचं अर्धं अंग गेलं. राहायला फौजेच्या लाइनीतली एक खोली. ती आता नव्या सरकारला पाहिजे होती आणि दिवाळीनंतर खाली करा असा हुकूम येऊन पडला होता. जायचं कुठे? हातोद गावी मामा होता, त्याच्या गोठ्याला लागून एक पडवी होती. अर्ध्या अंगाच्या माणसाला थंडीत पडवीत कसं ठेवणार, या एका विचाराने सेंटर पाठीत वाकायला लागला होता.

आणि तेवढ्यात फ्रेंच साहेब आला.

एका कापडगिरणीत नवे माग आले होते. त्यांच्या पेट्या फोडल्या तेव्हा एका पेटीतून भुशासकट हा साहेब निघाला, असं मी बरीच वर्षं सांगत असे आणि लोक ऐकून घेत. माग बसवून द्यायला आला होता. पण त्याला बास्केटबॉलचं भयंकर वेड, आणि गिरणीच्या मॅनेजरला गिरणीची टीम पाहिजे होती. दोघांचं जमलं. साहेबाच्या पाकिटात त्याच्या गावच्या वर्तमानपत्राचा एक कपटा होता, घड्या पडून पडून चार तुकडे व्हायला आलेला. त्यावर तिकडच्या एका मॅचचे आकडे छापले होते. एका बाजूला एका टीमची नावं, दुसऱ्या बाजूला दुसरीची. प्रत्येकासमोर त्याने किती चेंडू टाकले, किती आत गेले, फाउल किती, गुण किती. खाली टीमची बेरीज. भाषा आम्हाला ओ की ठो कळत नव्हती, पण आकडे कळत होते.

"ये लोग पगारवाला है," साहेब मोडक्या हिंदीत म्हणाला. "खेलने का पगार."

"खेळण्याचा पगार?" कप्तान म्हणाला. "भिया, आपल्याकडे तर खेळण्याची मार आहे."

मला त्या यादीतला सगळ्यात खालचा गडी फार आवडला. त्याच्यासमोर सगळी शून्यं होती. काही केलं नव्हतं बिचाऱ्याने, तरी पेपरात छापला होता. मी स्वतः आमच्या टीमचा राखीव गडी. सामन्यात माझं मुख्य काम टॉवेल सांभाळणं. आमच्याकडे कुणी माझी शून्यंसुद्धा लिहीत नसे.

साहेबाने फर्मान काढलं. आमची टीम विरुद्ध स्नेहलतागंजची टीम अशी मॅच होणार. तो स्वतः शिट्टी घेऊन पंच. दोन्ही टीममधून ज्याचे गुण सगळ्यात जास्त, त्याला गिरणीत कायमची जागा आणि गिरणीच्या चाळीत खोली. दोघं बरोबरीत आले तर ज्याचे फाउल कमी तो. "मैं नहीं बोलेगा," तो म्हणाला, "कागज बोलेगा." आणि तो कागद लिहायला त्याने कारकूनकाकांनाच बसवलं, रकाने कसे आखायचे ते शिकवलं. काकांनी ते रकाने असे आखले की साहेबाने त्यांचा हात हातात घेऊन हलवला. कित्येक वर्षांत काकांच्या कामाची कुणी एवढी कदर केली नव्हती. बोरूला टोक करताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मॅचच्या सकाळी कप्तानाने आम्हाला निंबाखाली गोळा केलं. गुण करण्यात आमचा सेंटर आणि स्नेहलतागंजचा एक बुटका, चपळ गार्ड, यांच्यातच लागणार हे उघड होतं. तो गार्ड वाईट मुलगा नव्हता, त्यामुळे त्याला मनापासून शिव्याही देता येत नसत.

"ऐक," कप्तान सेंटरला म्हणाला. "मानाची मी करतो. मी ती टाकेपर्यंत तू बास्केटकडे बघायचंसुद्धा नाही. पहिली केलीस की दोन गुण सरकारच्या खात्यात गेले समज."

"हओ," सेंटर म्हणाला.

"बघायचं नाही म्हणजे नाही."

"अरे हो रे बाबा. जमिनीकडे बघतो."

पण स्नेहलतागंजवाले काय दूध पीत होते? त्यांनाही रिवाज माहीत होता. शिट्टी वाजली, आणि मग जे सुरू झालं तसा खेळ त्यानंतर जगाच्या पाठीवर कुठे झाला नसेल. कुणी चेंडू टाकेचना! आमच्या सेंटरच्या हातात चेंडू आला की तो विस्तव आल्यासारखा फेकून द्यायचा. त्यांच्या गार्डच्या हातात आला की तो बास्केटकडे पाठ करून पळायचा. बास्केटखाली एकदम मोकळा उभा असलेला एक गडी चेंडू काखेत धरून चक्क घाम पुसत बसला. पब्लिक आधी हसलं, मग शिव्या द्यायला लागलं. साहेबाने दोनदा घड्याळ कानाला लावून बघितलं. त्याला वाटलं, हिंदुस्थानात हा खेळ बहुतेक असाच खेळतात.

शेवटी कप्तानाला एक चांगली जागा सापडली. त्याने श्वास घेतला, टाकला. चेंडू रिंगच्या कडेवर बसला, तिथे थोडा वेळ राहिला, आणि बाहेर कलंडला. खाली सेंटर होता. जमिनीकडेच बघत होता बापडा. पण रिंगवरून चेंडू निसटला की त्याचा जो एक आवाज होतो, तो त्याने ऐकला, आणि हात वर गेला. पोरगा सहा वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ तेवढंच करत आला होता. रिंगवरून पडणारा चेंडू त्याने कधी जमिनीवर पडू दिला नव्हता. त्याने बोटांनी नुसता टेकू दिला आणि चेंडू आत गेला.

"मानाची! मानाची!" अख्खं मैदान ओरडलं. काका टेबलामागून उठले, खेळ थांबवला, आणि दोन्ही हातांनी सेंटरला नारळ दिला. सेंटर हसला. खूप वेळ शिल्लक होता अजून. नारळ माझ्याकडे टॉवेलात ठेवायला देताना म्हणाला, "संभाळ रे. अण्णांना देईन."

मग मात्र तो जो खेळला, ते मी वाढवून सांगत नाही, कारण वाढवायला जागाच नाही. त्याने टाकावं आणि पडावं. पण तिकडे गार्डही तसाच पेटलेला. शेवटच्या क्षणी सेंटरने लांबून एक टाकला, तो रिंगमध्ये गोल फिरून बाहेर आला आणि शिट्टी झाली. सेंटरने माझ्याकडून नारळ परत घेतला. मॅच आम्ही जिंकलो. हे सांगायचं राहूनच जाणार होतं, कारण त्या दिवशीही ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

साहेब टेबलापाशी येऊन कागद वाचायला लागला. गार्ड, सोळा गुण, चार फाउल. सेंटर, चौदा गुण, एक फाउल. मग त्याची नजर सगळ्यात वरच्या ओळीवर गेली. काकांनी ती लाल शाईने लिहिली होती.

"ये कौन?" साहेबाच्या भुवया वर गेल्या. "एक फेंका, एक डाला. फाउल नहीं. बहुत पक्का निशाना. बुलाओ इसको."

मीच म्हणालो, "साहेब, वो तो गुजर गए."

"मैच में?"

"नहीं साहेब. राज गया, उस साल."

साहेबाने टोपी काढली. का काढली देव जाणे. बहुतेक आता काय करावं ते न सुचून. आणि तिथूनच कप्तानाचं ते ओरडणं सुरू झालं. ती बास्केट सेंटरच्या नावावर गेली तर दोघं सोळा-सोळा होत होते, आणि फाउल सेंटरचे कमी. गार्डसुद्धा मान खाली घालून म्हणाला, "हां, मारी तो उसीने थी." साहेबाने सगळं ऐकून घेतलं आणि काकांकडे बोट केलं. "टेबल बदलेगा, मैं मानेगा. टेबल नहीं बदलेगा, तो कागज सही."

म्हणजे आता सगळं त्या दोन पालथ्या तळव्यांवर आलं.

"काका, त्याच्या बापाचा विचार करा," कप्तानाचा आवाज आता उतरला होता. "पडवीत मरेल तो म्हातारा."

काकांनी तळवे तसेच ठेवले. मग म्हणाले, "पागा गेली. निशाण गेलं. मुजरे गेले. ज्या कचेरीत मी बसायचो तिथे आता कोण बसतं मला माहीत नाही. सरकारांच्या नावाची ही एक ओळ अजून कुठेतरी लिहिली जाते, ती मी लिहितो. ती माझ्याच हाताने खोडू? आणि टीमच्या बेरजेत धरलीय ना? कुठे चोरली मी?"

"काका..."

"राहू दे रे," मागून सेंटर म्हणाला. तेवढंच.

काकांनी सही केली, शाई सुकायला वर वाळू टाकली, झटकली.

मी त्याच्याबरोबर लाइनीपर्यंत गेलो. वाटेत दोघंही गप्प. मी आणि गप्प, म्हणजे विचार करा. खोलीत अण्णा खाटेवर होते. त्यांचं तोंड एकीकडे वाकडं झालं होतं, शब्द फुटायला वेळ लागायचा. त्यांनी आधी नारळच बघितला.

"मानाची... कुणी केली?"

"मी," सेंटर म्हणाला.

अण्णांनी चांगला हात पुढे केला. नारळ छातीवर ठेवून घेतला. त्यांच्या तोंडाची जी बाजू हलत होती तेवढी हसली. "आमचे सरकार," ते माझ्याकडे बघून म्हणाले. मला तेव्हा कळलं की फौजेत जाण्याआधी ते याच पागेत स्वार होते. आणि मग एक-एक शब्द ओढत त्यांनी सांगितलं: फौजेतून इतकी वर्षं घरी काही मान आला नव्हता, आज पोराने आणला.

"आणि खोलीचं?" त्यांनी विचारलं.

"बघतायत," सेंटर म्हणाला आणि चूल पेटवायला वळला.

दिवाळीनंतर बैलगाडी आली. खाट गाडीत बसेना म्हणून तिचे पाय कापावे लागले. अण्णांना गोधडीत गुंडाळून मधे ठेवलं. नारळ त्यांनी कुशीत धरला होता, कुणाला देईनात. नाक्यापर्यंत मी गाडीमागून चालत गेलो. चालताना मी त्यांना एक लांबलचक थाप सांगत होतो, एका बैलाने मॅजिस्ट्रेटपुढे कशी साक्ष दिली त्याची. ती अर्धी झाली तेव्हा नाका आला.

पौषात ते गेले. थंडीनेच गेले. मामाच्या पडवीला तिन्ही बाजूंनी तुराट्यांचे कूड लावले होते, पण वारा कुडाला विचारून येत नाही. निरोप घेऊन माणूस आला तेव्हा मी कप्तानाकडे बसलो होतो. कप्तान, ज्याच्या आवाजाने पोपट उडायचे, तो भिंतीकडे तोंड करून बसला आणि त्या दिवशी पुन्हा वळलाच नाही.

काकांना मीच जाऊन सांगितलं. अण्णा त्यांच्याच सरकारांचे स्वार होते हेही सांगितलं. काकांनी नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. "पांढऱ्या घोडीवरचा?" ते म्हणाले. "दसऱ्याला पुढे असायचा तो?" मग ते आत गेले ते बाहेर आलेच नाहीत, म्हणून मी उठून घरी आलो.

होळी झाल्यावर एका सकाळी काका माझ्या दारात उभे. अंगात दरबारी अंगरखा, घडीच्या रेषा तशाच, बगलेत कागदाची गुंडाळी. गिरणीवर जाऊन आले होते. साहेब माग बसवून केव्हाच त्याच्या देशी गेला होता आणि फाटकावरच्या पहारेकऱ्याने यांना आत सोडलं नव्हतं. गार्ड तिकडे चाळीत राहत होता. त्याचं लग्नही ठरलं होतं.

"हातोदला चल," काका म्हणाले. "मला एकट्याला तिथलं काही माहीत नाही."

सर्व्हिसच्या मोटारीत ते खिडकीशी बसले. एरवी मी त्या रस्त्यावरचं एक-एक झाड कुठल्या भुताच्या मालकीचं ते सांगत जातो. त्या दिवशी सगळी भुतं तशीच मागे गेली.

सेंटर मंडईत होता. गव्हाचे दिवस होते, गाड्यांची रांग लागली होती, भुसा उडत होता. तो पोती वाहत होता. लांबूनच दिसला, पण आधी ओळखला नाही. पाठीवर पोतं असलं की तो इतर हमालांएवढाच दिसत होता. आम्ही त्याच्या वाटेत जाऊन उभे राहिलो. तो थांबला. पोतं पाठीवरच होतं.

काकांनी गुंडाळी उलगडली. सगळ्यात वरची लाल ओळ त्यांनी काळ्या शाईने एका सरळ रेघेत खोडली होती, बाजूला सही केली होती, आणि खाली सेंटरच्या नावासमोरचा आकडा नवा लिहिला होता.

"सोळा गुण," काका मोठ्याने वाचायला लागले, दरबारात वाचायचे तसे. "एक फाउल. दोन्ही टीम मिळून पहिला क्रमांक. तुझी बास्केट तुझ्या नावावर घातली, बाळ. माझ्या हाताने घातली."

सेंटरने कागदाकडे बघितलं. घाम त्याच्या नाकावरून खाली टपकत होता.

"बरं," तो म्हणाला. "जरा सरका काका, पोतं उतरवायचंय."